घरच्या घरीं बदकांचीं अंडीं उबविणें

आमच्या वर्धा जिल्ह्यांत बदक हा अद्याप पाहुणाच पक्षी आहे. कोंबड्या नाहींत असें गांव सांपडणार नाहीं. पण हिंगणघाटापासून आष्टीपर्यंत आठही तालुके पालथे घातले तरी बदकें पाळणारा शेतकरी विरळाच भेटतो. पूर्वेस भंडारा-गोंदियाचा मुलूख तलावांचा व धानाचा. तिकडे हा पक्षी ओळखीचा आहे. आमचा मुलूख कापूस, तूर व सोयाबीनचा. पाणी काय तें वर्धा, वेणा, धाम, बोर या नद्यांच्या पात्रांत आणि विहिरींच्या तळाशीं. परंतु सन २०१६ मध्यें राज्य सरकारनें 'मागेल त्याला शेततळें' ही योजना काढली, आणि शेतांत तळें आलें कीं त्यांत दहा-बारा बदकें असावींत हा विचार पुष्कळांच्या मनांत येऊं लागला. तळ्यास प्लास्टिकचें अस्तर असेल तर मात्र बदकें त्यांत तशींच सोडूं नयेत. निसरड्या उतारावरून पिलांस वर चढतां येत नाहीं व तीं दमून बुडतात. एका बाजूनें गोणपाट पसरून वा दगड रचून त्यांस वाट करून द्यावी.

विचार येतो, पण बदकें आणावयाचीं कोठून? एक दिवसाचीं पिलें दूरवरून मागविलीं तर वाटेंतच बरींच दगावतात, आणि वाढलेलीं बदकें महाग पडतात. अंडीं त्या मानानें स्वस्त, आणि नीट बांधलीं तर प्रवासास टिकाऊ. म्हणून अंडीं आणून घरींच उबविणें हा मार्ग आम्हीं धरिला. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेलों. पक्षिशास्त्र शिकलेलों नाहीं. तथापि तक्ते भरण्याची सवय हाडींमांसीं खिळलेली असल्यामुळें प्रत्येक खेपेची नोंद आमच्या वहींत आहे. आजवर चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेस एकहि पिलूं निघालें नाहीं. दुसऱ्या खेपेस निघालेलीं बहुतेक मेलीं. तिसरी व चौथी बरी गेली. वाचकांस पहिल्या दोन खेपांचाच उपयोग अधिक होईल असें वाटतें.

प्रथम जातीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण दिवसांचा हिशेब जातीवर अवलंबून आहे. आपणांकडे पाळतात तीं बहुतेक बदकें एकाच रानटी जातीपासून झालेलीं आहेत. त्यांचीं अंडीं २८ दिवसांत फुटतात. अंड्यांसाठीं नांवाजलेली खाकी कॅम्पबेल ही जात त्यांतलीच. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील उली गांवच्या ॲडेल कॅम्पबेल या बाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली. चांगल्या निगेंत तिची मादी वर्षास २५० च्या वर अंडीं देते. मांसासाठीं पाळतात ती पांढरी पेकिन. तिचेहि दिवस २८ च. मस्कोव्ही मात्र निराळी. तोंडावर लाल मांसल गांठी असतात ती ही जात. मूळची अमेरिकेची, आणि तिच्या अंड्यांस ३५ दिवस लागतात. कोंबडीचे २१ दिवस सर्वांस पाठ असल्यामुळें बाविसाव्या दिवशीं 'अंडीं नासलीं' म्हणून उकिरड्यावर टाकून देणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत.

दुसरी गोष्ट अशी कीं, अंडीं फार देणाऱ्या जाती रवणीस बसणें विसरल्या आहेत. बसणारी मादी अंडीं घालणें थांबविते. यास्तव निवड करणाऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या माद्याच राखल्या. खाकी कॅम्पबेलची मादी अंडें वाटेंत टाकील आणि पुढें चालूं लागेल. मस्कोव्ही मात्र स्वतः उत्तम बसते. ती घरीं असेल त्यास हा लेख वाचण्याची फारशी गरज नाहीं. बाकीच्यांपुढें दोन वाटा राहतात: खुडूक कोंबडी किंवा पेटी.

कोणत्याहि वाटेनें गेलें तरी अंडें मुळांत सजीव पाहिजे. कळपांत नर नसेल तर मादी अंडें घालतेच, पण त्यांतून पिलूं कधींच निघत नाहीं. गांधीजींनीं सन १९४२ मध्यें आगाखान महालांत स्थानबद्ध असतां आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकांत अंड्यांचा हाच भेद सांगितला आहे, व निर्जीव अंडें दुधाच्या पंक्तीस बसविलें आहे. सेवाग्रामच्या पंचक्रोशींत अंड्यांचा विषय निघाला कीं हा दाखला कोणी ना कोणी देतोच. आपणांस येथें उलट अंडें हवें. पांच ते सहा माद्यांमागें एक नर असावा, आणि नर सोडल्यापासून निदान दोन आठवडे गेल्यावरचीं अंडीं घ्यावींत. मस्कोव्हीखेरीज इतर जातींत वाढलेल्या नराच्या शेपटीवर वर वळलेलीं दोन-तीन पिसें असतात व त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्यानें ओरडते ती मादी.

बदकें पहांटे अंडीं देतात. सकाळीं नऊपर्यंत त्यांस खुराड्यांतच कोंडून ठेवावें व खालीं कोरडें तणस घालावें, म्हणजे अंडीं चिखलांत पडत नाहींत. मळकट अंडें कोरड्या फडक्यानें पुसावें. धुणें भागच पडलें तर अंड्यापेक्षां चांगलें कोंबट पाणी घ्यावें, थंड कधींहि घेऊं नये. अंड्याच्या कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. थंड पाण्यानें आंतील द्रव्य आकुंचन पावतें आणि बाहेरची घाण त्या छिद्रांतून आंत ओढली जाते. पुढें पंधराव्या-विसाव्या दिवशीं अंडें पेटींत फुटून घरभर जी दुर्गंधि सुटते तिचें मूळ पुष्कळदां या धुण्यांत असतें.

अंडीं जमवितांना सात दिवसांपेक्षां अधिक थांबूं नये. निमुळतें टोंक खालीं करून तीं थंड जागीं ठेवावींत. १५ अंशांच्या आसपास उत्तम. शीतकपाटांत मात्र ठेवूं नयेत. तेथील चार-पांच अंशांची थंडी गर्भास सोसत नाहीं. आम्ही मातीच्या कुंडींत ओली वाळू घालून तींत दुसरें मडकें बसवितों व त्यांत अंडीं ठेवितों. प्रवासांतून आलेलीं अंडीं एक दिवस स्थिर ठेवून मग बसवावींत. धक्क्यांनीं आंतील हवेची पोकळी सुटते. तिला जागेवर येण्यास अवधि हवा.

आतां हंगाम. आमची पहिली खेप बुडाली ती येथेंच. चैत्र महिना होता. भंडाऱ्याकडील एका परिचितांकडून २४ अंडीं एस. टी. मधून आणलीं आणि संध्याकाळीं घरीं येतांच विजेच्या पेटींत मांडलीं. पेटी नवीन विकत घेतलेली होती. दुकानदारानें सोबत दिलेल्या कागदांत कोंबडीशिवाय दुसऱ्या पक्ष्याचें नांव नव्हतें, आणि आम्हींहि विचारिलें नाहीं. पेटी थंड हवेंत ऊब देऊं शकते; तापलेल्या हवेस गार करण्याची शक्ति तिच्यांत नसते, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नाहीं. दुपारीं टिनाच्या छपराखालीं खोलीच ४२ अंशांवर गेली. दिवा आपोआप बंद पडला होता, तरी पेटींतील पारा ४१ दाखवीत होता. सातव्या दिवशीं अंडीं उजेडावर धरून पाहिलीं तों एकवीस अंड्यांत रक्ताचें कडें उमटलेलें. उरलेलीं तीन अंडीं आशेनें २८ दिवस ठेविलीं; तींहि गेलीं. वैशाखांत ज्या जिल्ह्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेथें उन्हाळ्यांत हा उद्योग करूं नये. त्या दिवसांत नरहि उष्म्यानें मंदावतो व अंडीं मुळांतच वांझ निघतात. कोजागिरीपासून माघ सरेपर्यंतचा काळ पेटीस उत्तम. कोंबडीखालीं पावसाळ्यांतहि चालतें.

खुडूक कोंबडीची रीत आपणां सर्वांस अवगत आहे. फरक तेवढा सांगतों. देशी कोंबडीखालीं स्वतःचीं दहा-बारा अंडीं मावतात, पण बदकाचें अंडें सुमारें ६५ ते ७५ ग्रॅम वजनाचें, म्हणून सहा ते आठच ठेवावींत. नवव्या अंड्याचा लोभ केला तर रोज एक अंडें आळीपाळीनें उघडें पडतें आणि शेवटीं सगळींच बिघडतात. मोठें अंडें कोंबडीस नीट फिरवितां येत नाहीं. ती चरावयास उठली कीं आपण हातानें फिरवावें. एक-दोन वेळां पिलें काढलेली, पोक्त कोंबडी निवडावी, कारण तिला एक आठवडा जास्त बसावयाचें आहे. नवखी कोंबडी कधीं कधीं मध्येंच उठून जाते. बसविण्यापूर्वीं तिच्या पिसांतील उवा-गोचिडांचा बंदोबस्त करावा, आणि रोज एकदां दाणा, पाणी व धूळस्नान यांसाठीं तिला उठवावेंच. अट्टल बसणारी कोंबडी उपाशी वाळून जाते, पण जागा सोडीत नाहीं.

पेटी घरीं करावयाची असल्यास औषधांची जाड थर्मोकोलची पेटी पुरते. आंत विजेचे दोन लहान दिवे, हवा खेळविणारा छोटा पंखा व ऊब ठरल्या अंशावर राखणारा थर्मोस्टॅट बसवावा. दोन दिवे अशासाठीं कीं मध्यरात्रीं एक गेला तरी दुसरा राहतो. पंखा असेल तर ऊब ३७.५ अंश सेंटिग्रेड. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर मोजून ३८.३ अंश. उष्णतामापक मात्र पारखून घ्यावा. ताप पाहण्याचा डॉक्टरी थर्मामीटर घेऊन तो व पेटींतला असे दोन्ही कोंबट पाण्यांत एकत्र बुडवावे व जितका फरक पडेल तितका वहींत मांडून ठेवावा. अर्धा अंश ही क्षुल्लक बाब नव्हे. ऊब जास्त झाली तर पिलें वेळेआधीं आणि बेंबी न मिटलेलीं निघतात. कमी झाली तर उशिरां, अशक्त निघतात किंवा निघतच नाहींत. रिकामी पेटी दोन दिवस चालवून पाहावी, मगच अंडीं ठेवावींत.

वीज जाणें हें आपल्याकडे रोजचेंच. तास-दोन तास गेली तर घाबरण्याचें कारण नाहीं. पेटी उघडूं नये, गोधडीनें झांकावी, पण हवेचीं भोंकें बुजवूं नयेत. अर्धे दिवस उलटल्यावर गर्भ स्वतःच ऊब देऊं लागतो. बंगाल व बांगलादेशांत विजेशिवाय बदकांचीं अंडीं उबविण्याची रीत याच गुणावर उभी आहे. धानाचें तूस तापवून अंड्यांच्या गाठोड्यांभोंवतीं भरतात आणि जुन्या अंड्यांची ऊब नव्या अंड्यांस पोहोंचवितात. मिसर देशांत तर मातीच्या भट्ट्यांत अंडीं उबविण्याचा धंदा पुरातन आहे; हातीं उष्णतामापक नसतां तेथील कारागीर अंडें पापणीस लावून ऊब ओळखीत. आमच्या घरांतून हा प्रयोग करून पाहण्यांत आला व त्यांचा अंदाज आमच्या उपकरणाशीं बराच जुळला, हें प्रांजळपणें नमूद करितों.

उबेपेक्षांहि बदकाच्या अंड्यास ओलावा अधिक नडतो. उबवितांना अंड्यांतील पाणी छिद्रांतून थोडथोडें उडून जातें व रुंद टोंकाची हवेची पोकळी वाढत जाते. तीच पिलाच्या पहिल्या श्वासाची जागा. पाणी फार उडालें तर पिलूं पापुद्र्यास चिकटून बसतें. कमी उडालें तर फुगीर होऊन आंतच गुदमरतें. पुस्तकांत पहिले २५ दिवस हवेंतील ओलावा शेंकडा ५५ ते ६० व पुढें ७० च्या वर असावा असें सांगतात. दुसऱ्या उष्णतामापकाच्या फुग्यास ओली सुती वात बांधली तर साडेसदतीस अंशांच्या पेटींत तो पहिल्या मुदतींत साडेएकोणतीसच्या व शेवटीं साडेबत्तीसच्या आसपास असावा. परंतु आमचा विश्वास वजनावर अधिक आहे. किराणा दुकानांतल्यासारखा लहान विजेचा कांटा आतां कोठेंहि मिळतो. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचें वजन शेंकडा सुमारें १३ नें घटलें पाहिजे. दहा अंडीं मिळून ७०० ग्रॅम भरलीं असें धरूं. सातव्या दिवशीं तीं सुमारें ६७५, चौदाव्या दिवशीं ६४९, एकविसाव्या दिवशीं ६२४ व पंचविसाव्या दिवशीं ६०९ भरावींत. वजन याहून लवकर घटत असेल तर पाण्याचें ताट मोठें करावें. घटत नसेल तर लहान करावें. ताट खोल असून उपयोग नाहीं, तोंड पसरट हवें, कारण वाफ पृष्ठभागावरून होते. श्रावणांत आमच्याकडे ताट जवळजवळ काढूनच टाकावें लागतें, आणि पौषांत दोन ठेवावीं लागतात. अशा स्थितींत कोणी 'एक वाटी पाणी ठेवा' एवढेंच सांगूं लागला तर त्यास महिना कोणता हें आधीं विचारावें.

अंड्यांवर एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस शून्य शिसपेन्सिलीनें काढावें, शाईनें नव्हे. दिवसांतून तीन किंवा पांच वेळां अंडीं फिरवावींत. विषम संख्या अशासाठीं कीं रात्रीचा लांब पहारा रोज एकाच कुशीवर जाऊं नये. न फिरविल्यास बलक वर तरंगत येऊन गर्भ कवचाच्या पापुद्र्यास चिकटतो. एकाच दिशेनें गोल गोल न फिरवितां एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे न्यावें. आठव्या दिवसापासून रोज एकदां पेटी उघडून अंडीं दहा-पंधरा मिनिटें निववावींत व वरून कोंबट पाण्याचा बारीक तुषार मारावा. बदकी मादी रोज तळ्यावर जाऊन ओल्या पोटानें परत येते, तिचीच ही नक्कल. याची गरज नाहीं असें म्हणणारेहि जाणकार आहेत. आम्ही करितों, आणि आमच्या वहींत त्याचा तोटा दिसलेला नाहीं. हात प्रत्येक वेळीं धुवावे हें सांगणें नको.

सातव्या रात्रीं अंडीं पारखावींत. पुठ्ठ्यास रुपयाएवढें भोंक पाडून मागें विजेरी धरावी व अंधारांत रुंद टोंक भोंकाशीं लावावें. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा व मध्यें हलणारा ठिपका दिसला तर अंडें जिवंत. सर्व स्वच्छ दिसलें तर वांझ. लाल कडें दिसलें तर गर्भ मेला. वांझ व मेलेलीं त्याच रात्रीं काढून टाकावींत. चौदाव्या व पंचविसाव्या दिवशीं पुन्हां पाहावें. शेवटच्या वेळीं पोकळी सोडून बाकीचें अंडें काळें दिसतें, आणि कधीं कधीं चोंचीची सांवली पोकळींत हालतांना दिसते.

पंचविसाव्या दिवसापासून फिरविणें व निवविणें बंद. अंडीं आडवीं ठेवावींत, खालीं गोणपाट घालावें, ऊब पाव-अर्धा अंश उतरवावी, ओलावा वाढवावा, आणि हात बांधून बसावें. हें शेवटचें काम सर्वांत अवघड आहे. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशीं कवचास टोंच पडते व आंतून चिवचिव ऐकूं येते. कोंबडीचें पिलूं टोंच पडल्यावर बहुधा अर्ध्या-एक दिवसांत बाहेर येतें. बदकास २४ ते ३६ तास, कधीं ४८ तासहि लागतात. या वेळांत तें निजलेलें नसतें. पापुद्र्यांतील रक्तवाहिन्यांतून रक्त शरीरांत परत घेतलें जात असतें, व उरलेला बलक पोटांत ओढला जात असतो. आमच्या तिसऱ्या खेपेंत २० पैकीं तीन वांझ व एक मेलेलें काढल्यावर १६ अंडीं उरलीं होतीं. त्यांतील एकास टोंच पडून बारा तास लोटले तरी पुढें कांहीं हालचाल दिसेना. आम्हांस धीर धरवला नाहीं. नखानें कवच सोललें. पापुद्रा फाटला आणि बोटावर ताजें रक्त आलें. पिलूं पूर्ण वाढलेलें होतें. घटकाभरांत तें आमच्या तळहातावरच थंड पडलें. शेजारचें, त्याच वेळीं टोंच पडलेलें, दुसऱ्या दिवशीं दुपारीं आपण होऊन बाहेर आलें. पेटी उघडल्यानें आंतली वाफ गेली व आणखी तीन पिलांचे पापुद्रे वाळून कातड्यासारखे झाले. तीं आंतच राहिलीं. बारा निघालीं. सोळा निघालीं असतीं असें म्हणत नाहीं, परंतु ती चार आमच्या खात्यावर पडतात.

पिलें निघाल्यावर तीं सुकून फुलेपर्यंत पेटींतच राहूं द्यावींत. पोटांत बलक असल्यामुळें एक दिवस त्यांस अन्नावांचून अडत नाहीं. नंतर पहिल्या आठवड्यांत ३२-३३ अंश ऊब द्यावी व दर आठवड्यास तीन-एक अंशांनीं कमी करावी. दिव्याखालीं दाटी झाली तर थंडी वाजते असें समजावें, दूर पांगून धापा टाकूं लागलीं तर उष्मा. खालीं वर्तमानपत्र पसरूं नये. त्यावर पाय घसरून फांकतात व पिलूं जन्माचें पांगळें होतें. पाण्याचें भांडें इतकें खोल असावें कीं नाकपुड्यांसह चोंच बुडावी, पण आंत खडे घालावे म्हणजे अंग बुडणार नाहीं. कोरडें पीठ घशांत अडकतें, म्हणून खाद्य ओलसर करून द्यावें: शिजविलेली कणी, गव्हाचा कोंडा, उकडलेलें अंडें, बारीक चिरलेला लसूणघास, आणि मिळाल्यास पिलांचें तयार खाद्य. नायसिन नांवाचें जीवनसत्त्व बदकास कोंबडीपेक्षां अधिक लागतें. तें कमी पडलें तर पाय वांकडे होतात.

आतां दुसऱ्या खेपेची हकीकत. श्रावणांत कोंबडीखालीं आठ अंडीं ठेविलीं होतीं. पांच पिलें निघालीं. आमच्या नातीनें त्यांस नांवें ठेविलीं. घरांत गाईसाठीं आणलेली भुईमुगाची पेंड होती, पावसानें थोडी सर्दळलेली. पौष्टिक म्हणून तीच कुटून भिजवून घातली. आठ दिवसांत चार पिलें मान टाकून गेलीं. नंतर पशुवैद्यांनीं समजाविलें तें असें: सन १९६० मध्यें इंग्लंडांत टर्कींचीं एक लाखाहून अधिक पिलें, आणि त्यांजबरोबर बदकांचींहि, अज्ञात रोगानें मेलीं. शोध करितां तो दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचा निघाला. त्या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात, आणि तें सर्वांत लवकर मारतें तें बदकाच्या पिलास, यकृत सडतें. बुरशी डोळ्यांनीं दिसलीच पाहिजे असें नाहीं, आणि शिजविल्यानें विष जात नाहीं. म्हणून पावसाळ्यांतील पेंड व सर्दळलेला मका पिलांपासून दूर ठेवावा. आपल्याकडे घरोघर असणारी सरकीची पेंडहि पिलांस घालूं नये. तींत गॉसिपॉल नांवाचा अपायकारक पदार्थ असतो. आमच्या नातीस हें सर्व सांगतां आलें नाहीं. पांचवें पिलूं जगलें, तें आज आमच्या कळपांतील थोरली मादी आहे.

पेटींतील पिलांस आईच्या पिसांवरचें तेल मिळत नाहीं, म्हणून तीं पाण्यांत गेलीं कीं भिजून गारठतात. तीन-चार आठवडे, अंगावर पिसें येईपर्यंत, त्यांस पोहूं देऊं नये. कपाशीवर फवारणी चालूं असेल त्या बाजूच्या नाल्यांत तर मोठींहि सोडूं नयेत. दोन महिन्यांचीं झालीं म्हणजे बदकांच्या प्लेगच्या लसीसंबंधीं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें.

अंडीं कोठें मिळतील असा प्रश्न येईल. बदकांच्या पैदाशीचें केंद्र सरकारचें काम कर्नाटकांत बंगळूरजवळ हेसरघट्टा येथें चालतें; पण तें आपणांस दूर. सेलसुरा येथील आपल्या जिल्ह्याच्या कृषि विज्ञान केंद्रांत किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्याकडे चौकशी केल्यास जवळपास कोणाकडे नर-मादी एकत्र आहेत हें कळूं शकतें. एक मार्ग मात्र कोणी धरूं नये. पावसाळ्यांत धामेच्या व बोरेच्या कांठीं गवतांत हळदीकुंकू बदकांचीं घरटीं असतात. गेल्या भाद्रपदांत एक तरुण शेतकरी तशीं नऊ अंडीं टोपलींत घालून, आमच्या पेटींत ठेवण्यासाठीं घेऊन आला. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानपक्ष्यांचीं अंडीं उचलणें हा गुन्हा आहे, हें त्यास ठाऊक नव्हतें. त्यानें जेथून आणलीं तेथेंच तीं आम्हीं त्याजबरोबर जाऊन परत ठेविलीं. अंडीं हातास अजून कोंबट लागत होतीं. आम्ही बांधावर दूर जाऊन बसलों. सुमारें पाऊण तासानें मादी पाण्यांतून वर आली, गवतांत शिरली, आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाहीं. त्या तरुणास आम्हीं पुढें कार्तिकांत आमच्या कळपाचीं आठ अंडीं दिलीं. त्याच्या पोक्त कोंबडीनें त्यांतलीं सहा काढलीं. पिलें प्रथम नाल्यांत उतरलीं त्या दिवशीं ती कोंबडी कांठावरून ओरडत इकडून तिकडे धांवत होती, असें तो सांगतो.